कॉम्प्रेसरवरची लाल रेघ

दूधवाल्याला ते रोज विचारायचे, "आज दूध एवढं पांढरं कसं?"

दूधवाला आधी हसायचा. मग हसायचा थांबला. मग तो त्यांच्या दारात आला की किटलीचं झाकण आपणहून काढून ठेवू लागला, म्हाताऱ्याला काय बघायचं ते बघू दे म्हणून. तर म्हातारा झाकणाकडे बघून म्हणाला, "मी सांगितलं न्हाई, तरी झाकन काढलंस. का बरं?"

हे आमचे घरमालक. नगरच्या बाहेर पाथर्डीच्या रस्त्याला त्यांचं घर. पुढच्या भागात ते एकटे राहायचे. मागच्या दोन खोल्या आणि पत्र्याची शेड आम्ही भाड्याने घेतली होती. आयुष्यभर ते साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होते, म्हणून गल्ली त्यांना मिस्तरी म्हणायची. मी बाबा म्हणायचे, तेही मनातच जास्त. मला कुणाशी बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. घरात बोलते, मूर्तींशी बोलते, दारात माणूस आलं की संपलं.

बाबांच्या संशयाला लहानमोठं काही नव्हतं. गॅसची टाकी आली की ती लिंबाच्या फांदीला ताणकाट्यावर टांगायची. आणणारा माणूस तोवर घाम पुसत उभा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला ते काळा दोरा बांधत आणि रोज सकाळी जिना चढून दोरा आहे तसाच आहे का ते बघून येत. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याचा फोन आला की बाबा आधी त्याची परीक्षा घ्यायचे.

"गेल्या रविवारी मी तुला काय सांगितलं हुतं?"

"अहो दादा, मीच बोलतोय."

"ते कोनीबी म्हनंल. हल्ली आवाज काढून फसवतेत. काय सांगितलं हुतं ते सांग."

बिचारा मुलगा आठवून आठवून सांगायचा. बरोबर आलं की मग तब्येतीची चौकशी.

मी चहा नेला तर बशी हातात धरून ठेवायचे. आमच्या ह्यांनी पहिला घोट घेतला की मग स्वतः प्यायचे. मला त्याचा राग यायचा. सात वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि माझ्या हातच्या चहावर भरवसा नाही! मग मीही त्यांच्याकडे तसंच बघायला लागले. एवढा संशय घेणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मनात काय असेल, कुणी सांगावं? शेजारच्या आक्का कुंपणावरून हळूच म्हणायच्या, "म्हातारा दिसतो तसा न्हाई बरं का. जपून राहा."

मी गणपती रंगवते. माझं माहेर तिसगावजवळ. दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला जायचे, चौथीनंतर मलाही घेऊन गेले, शाळा तिथंच सुटली. पण हातात रेघ होती. लग्नानंतर नगरला आले आणि एका गणपतीच्या कारखान्यातून मूर्ती घरी आणून डोळ्यांची आखणी करायला लागले. अंगाचा रंग कारखान्यातले पुरुष फवाऱ्याने मारायचे, आमचे हे त्या मूर्ती टेम्पोतून घरी आणायचे, मी भुवया, पापण्या, बुबुळं काढायची. असं बरं चाललं होतं. मग एका वर्षी कारखान्याच्या शेठनी निरोप धाडला. ज्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आहे त्यांना अख्खी मूर्ती घरी देणार, बाकीच्यांनी कारखान्यात येऊन बसायचं.

मी आठ दिवस कारखान्यात जाऊन बसले. चाळीस पुरुष, मोठ्याने लावलेली गाणी, आणि मधे मी. दिवसभर पाणी मागायचं धाडस झालं नाही. नवव्या दिवशी ह्यांना म्हटलं, "एकतर कॉम्प्रेसर आणा, नाहीतर हे काम सोडते."

हे जुना बघत होते. टेम्पोच्या अड्ड्यावर कुणीतरी सांगितलं होतं, नवा रंग दिलेला आहे, चकाचक आहे. बाबा ओट्यावरून ऐकत होते. त्यांचा उजवा कान गेलेला, ते ऐकायचं असलं की डावा कान पुढं करून डोळे मिटायचे.

"चांगला दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

"एकदम नव्यासारखा, बाबा," हे म्हणाले.

"मग बघायला पायजे."

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. वाईट दिसणाऱ्या वस्तूवर त्यांचा एवढा राग नव्हता. चांगली दिसली की ते चष्मा पुसायला घ्यायचे.

बाबा बघायला गेले आणि टाकीच्या पोटाखाली हात घालून आले. "खालच्या अंगाला रंगाचे तीन थर हायेत, वरच्या अंगाला एक. खाली जास्ती रंग का बरं?" हवेबरोबर टाकीत पाणी जमतं, ते तळाला बसून आतून पत्रा खातं, हे आम्हाला तेव्हा कळलं. जुना कॉम्प्रेसर बारगळला. मला वाटलं, शेडमध्ये मशीन येऊच नये म्हणून बाबांचं चाललंय सगळं.

मग नवा घ्यायला आम्ही तिघं नगरात गेलो. बाबांनी सोबत एक पिशवी घेतली होती. दुकानदाराने तोंडभर कौतुक करत एक मशीन दाखवलं, लहानसं, मोटारीलाच जोडलेलं. बाबांनी ते चालू करायला लावलं. आवाजाने माझ्या कानठळ्या बसल्या. "हे घरात चालवलं तर चार घरं मला शिव्या देतील," बाबा म्हणाले आणि पट्ट्यावर चालणाऱ्याकडे वळले. दोन एचपीची मोटार, पन्नास लिटरची टाकी. दुकानदार म्हणाला, "मिनिटाला भरपूर हवा देतं, काका. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून कशाला? टाकी मोकळी कर आन चालू कर."

बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि टाकी रिकामीची आठ किलो दाबापर्यंत भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग पुन्हा मोकळी करायला लावून पुन्हा मोजलं. दुसऱ्या वेळी थोडा जास्त वेळ लागला. का बरं? मोटार तापली म्हणून, दुकानदाराने सांगितलं. मग बाबांनी पिशवीतून दाढीचा ब्रश आणि वाटी काढली, साबणाचा फेस केला आणि एकेका जोडाला फासायला लागले. हवा कुठून सुटत असेल तर तिथं बुडबुडा येतो.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. एकजण म्हणाला, "दाढी करताय का काय मशीनची?"

"तुझीबी करतो, थांब," बाबा म्हणाले. डोळे जोडावरच.

"काका, घ्यायचं नसेल तर तसं सांगा," दुकानदार कंटाळला.

"घ्यायचंच हाय. न घ्यायचं असतं तर कशाला एवढं बघितलं असतं?"

मी कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून उभी. लाजेने मेल्यासारखं झालं होतं. पण मनात दुसरंही चालू होतं. हा माणूस आपल्यासाठी एवढा का झिजतोय? पदरचं काही जात नाही, मिळत नाही. काहीतरी असणार.

मशीन घरी आलं आणि खरा गोंधळ सुरू झाला. हे म्हणाले, शेडमध्ये रंगाच्या जागेपाशीच ठेवू, बाहेर ठेवलं तर चोर नेतील. बाबा म्हणाले, आत ठेवलं तर उडालेला रंग मशीन स्वतःच ओढून घेईल, महिन्यात चिकटंल. म्हणजे बाहेर. पण बाहेर चोर! त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना स्वतःच्या दोन संशयांमध्ये अडकलेलं बघितलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही त्यांना. शेवटी शेडच्या मागच्या भिंतीला पत्र्याचं छप्पर उभारलं, खाली फरशी टाकली, टायरचे तुकडे कापून मशीनच्या चार पायांखाली घातले आणि भोवती लोखंडी गजांचा पिंजरा जोडून घेतला. पाण्याची बाटली आडवी धरून फरशी सपाट आहे का बघितलं. जमिनीत खड्डा करून कोळसा आणि मीठ टाकून अर्थिंग केलं. हवेचा पाइप शेडमध्ये नेला तो मशीनकडे उताराने, म्हणजे पाइपात जमलेलं पाणी मूर्तीवर थुंकायच्या ऐवजी मागे जाईल.

सगळ्यात शेवटी सेफ्टी वॉल्व्ह. टाकीवर बसवलेली सुपारीएवढी पितळी वस्तू. आठ किलोला मशीनने आपोआप बंद व्हायचं. नाही झालं तर साडेआठला ह्या वॉल्व्हने सीटी मारून हवा सोडून द्यायची. बाबांनी तिचा स्क्रू सात वेळा बसवला, सात वेळा सीटी वाजवून बघितली. मग म्हणाले, "बाई, लाल रंग दे. आन बारीक ब्रश."

मी दिला. त्यांनी स्क्रूवरून नटावर आणि नटावरून वॉल्व्हच्या अंगावर एक रेघ ओढली. हात थरथरत होता. रेघ अशी आली की जणू मुंगी पाय ओढत चालत गेली.

"कोनी स्क्रू एवढासा फिरवला, तरी रेघ तुटंल. मला लगेच कळंल."

"कोण फिरवणार, बाबा?" हे म्हणाले.

बाबा बराच वेळ ब्रश पुसत राहिले. "बॉयलर हाऊसला हुतो तेव्हा एकाला इचारलं, बघितलंस का वॉल्व्ह? तो म्हनला, बघितलं. मी मान डोलवली."

"मग?"

"मग काय? त्या दिसापासून मी मान डोलवत न्हाई." आणि त्यांनी उजव्या कानावरून हात फिरवला, तिथं माशी बसल्यासारखा.

पिंजऱ्याची किल्ली त्यांनी स्वतःच्या कडदोऱ्याला बांधली.

आक्का म्हणाल्या, "मशीन तुमचं आन किल्ली त्याच्याकडं? काय कळतंय का तुला?" मला कळत होतं. मशीन चालू बंद करायचं बटण माझ्याकडे, शेडच्या आत. पण मशीनला हात लावायचा तर बाबा पाहिजेत. ते रोज संध्याकाळी येऊन टाकीतलं पाणी सोडायचे आणि दिवसा पिंजऱ्याला पाठ लावून स्टुलावर बसायचे, डावा कान मशीनकडे करून. मी रंग मारत असायची आणि मला वाटायचं, हा म्हातारा मशीन ऐकत नाही, मला ऐकतोय.

पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात, ऐन घाईत, मशीन आपोआप बंद करणारा स्विच अडकायला लागला. कधी आठला बंद व्हायचा, कधी नाही. नाही झाला की सीटी. सीटी म्हणजे साधी नाही, काळजात सुई जावी तशी. माझा हात उडायचा. एकदा गणपतीच्या डाव्या डोळ्यातून काळी रेघ थेट गालावर उतरली. आणि प्रत्येक सीटीला बाबा मशीन बंद करून तपासायला बसायचे. तासभर. साबणाचा फेस, चष्मा, मान कलती. माझ्या पुढं साठ मूर्ती. शेठचा निरोप रोज, "वेळेत झाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी कारखान्यात येऊन बसा."

नवा स्विच घेतला असता तर संपलं असतं. पण बाबांनी दुकानातून आणलेला स्विच परत केला. "खोक्यावरचं छापील जरा फिकं हाय. नकली असंल." दुसरा आणला, त्याचं छापील जास्तच गडद होतं.

मग मी ते केलं. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा तिसऱ्यांदा स्विच शोधायला नगरात गेले होते. माझ्याच कामासाठी गेले होते. हे टेम्पो घेऊन बाहेर. मी उजव्या हातातल्या बांगड्या काढून ताटलीत ठेवल्या, कारण बांगड्यांसकट हात पिंजऱ्याच्या गजांमधून जात नव्हता. ह्यांची पक्कड घेतली. नट ढिला केला, स्क्रू दोन फेरे आवळला, नट पुन्हा बसवला. बाबांना सात वेळा बघितलं होतं, सगळं पाठ होतं. जुनी रेघ टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली आणि त्याच डबीतल्या लाल रंगाने नवी ओढली. त्यांच्या हातासारखी थरथरती काढायची म्हणून तीनदा पुसून काढली. हात ऐकेना. शेवटी आली तशी राहू दिली, बांगड्या घातल्या आणि मूर्तीपुढे येऊन बसले.

मला वाटलं होतं, मधूनमधून मागे जाऊन दाबाच्या काट्याकडे मी स्वतः लक्ष ठेवीन. स्विच अडकला तर हाताने बंद करीन. सीटी नको, तपासणी नको. दोन दिवस तसंच केलं. वीस मूर्ती झाल्या. बाबा रिकाम्या हाताने परत आले होते आणि स्टुलावर बसून होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या मूर्तीचा डोळा काढायला घेतला. डोळा सुरू केला की मधे थांबता येत नाही. वरची पापणी, खालची पापणी, मग बुबुळ, एका श्वासात काढावं लागतं. डोळा झाला आणि मला आवाज जाणवला. मशीन चालूच होतं, पण पट्टा कण्हत होता. बाहेर जाऊन बघितलं तर काटा बाराच्या पुढे. आणि पिंजऱ्याला पाठ लावून बाबा डुलकी घेत होते. त्यांचं डोकं आणि टाकी, मधे फक्त एक गज.

मी पळत आत गेले, बटण बंद केलं, स्प्रे गन हवेत धरून दाबत राहिले. बाहेर बाबा जागे झाले. गुडघ्यांवर हात ठेवून उठायला, चष्मा शोधायला त्यांना वेळ लागायचा, तोवर काटा नवाच्या खाली आला. आजच संध्याकाळी स्क्रू सैल करायचा, मी ठरवलं.

बाबा दारात उभे राहिले. "तीन दीस झाले, सीटी न्हाई वाजली. का बरं?"

सीटी वाजली की सगळ्यांना संशय येईल. न वाजल्याचा संशय फक्त बाबांना येणार! त्यांनी बोर्डातला फ्यूज काढला आणि खिशात टाकला. "कळल्याबिगर मशीन चालू व्हनार न्हाई."

आणि ते पिंजऱ्यापुढे बसले, ते तिथंच. स्क्रू सैल करायला मला जागाच ठेवली नाही.

दोन दिवस चौकशी चालली. रेघ शाबूत होती, म्हणून ते जास्तच बेचैन. वायरमन कधी आला होता? आक्कांचा नातू सायकलची हवा भरायला आला होता, त्याने कुठं हात लावला? आक्का कुंपणावरून कडाडल्या, "पोरावर घेता व्हय संशय? सात वर्साचं हाय ते!" दुकानदाराने पहिल्यापासूनच वॉल्व्ह खोटा दिला असेल का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ह्यांना गाठलं.

"डायव्हर, तुझ्या पेटीतली पक्कड बघू. दातात पितळ लागलंय, का बरं?"

"टेम्पोत पितळ काय कमी असतं का, बाबा?"

"मशीनला हात लावलास का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"आईची आन घेऊन सांगतो, न्हाई लावला!" ह्यांचा आवाज चढला. "तुमाला सगळी दुनियाच चोर वाटती. दहा दिवसांवर गणपती आले, हितं चाळीस मूर्ती पांढऱ्या पडल्यात, आन तुमी फ्यूज खिशात घालून फिरताय. ठेवा तुमच्या खोल्या. दसऱ्याला खाली करतो!"

"तू न्हाई, तर मग कोन?"

"मी न्हाई म्हटल्यावर राहिलं कोण? ती? इचारा तिला!"

मी दाराआड उभी होते. हातात ब्रश तसाच. आता विचारतील, आता मी सांगेन, असं मनाशी म्हणत होते.

"तिचं नाव घेऊ नको," बाबा म्हणाले. "तिच्यावर माझा संशय न्हाई. ह्या गल्लीत ती एकटी हाय, जी सांगितलं तसं करती."

त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. हे रागाने, मी दुसऱ्या कारणाने.

सकाळी बाबांची हाक आली, "बाई, हिकडं ये जरा." पिंजरा उघडा होता. ते स्टुलावर बसले होते, हातात भिंग. हे अंगणात टेम्पो पुसत होते, पाठ आमच्याकडे.

"माझी नजर गेली आता. तुझी चांगली हाय. ही रेघ बघ बरं, तुटली का."

मी भिंग घेतलं. वाकले. भिंगाखाली माझी रेघ बोटाएवढी दिसत होती. सुरुवातीला बारीक, मधे थोडी भरलेली, शेवटी पुन्हा बारीक. पापणी काढते तशीच. अशी रेघ नगरात दुसऱ्या कुणाच्या हाताची नसेल.

"कशी हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "सरळ आहे."

"व्हय. लई सरळ हाय." ते टाकीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "माझ्या हाताला आता अशी येत न्हाई."

मी भिंग धरून तशीच वाकलेली. वर बघायची हिंमत नव्हती. मग त्यांनी मोठ्याने हाक मारली, "डायव्हर! सापडलं. स्विचच खराब हाय. तुझी काय चूक न्हाई. तो पहिला आनला हुता ना, फिक्या खोक्याचा, तोच घिऊन ये."

हे पुटपुटत गेले. बाबांनी पाना घेतला, स्क्रू मागे फिरवला, खिशातला फ्यूज परत बसवून मशीन चालू केलं, सीटी वाजवून बघितली. सातदा नाही, एकदाच. मग लाल रंगाची डबी माझ्यापुढे केली.

"रेघेची खून तू कर. माझा हात हलतो."

मी रेघ ओढली. त्यांनी कडदोऱ्याची किल्ली सोडली आणि माझ्या हातात ठेवली. मग स्टूल उचललं, आणि मला वाटलं आता लांब जाऊन बसतील. ते पुन्हा पिंजऱ्यालाच पाठ लावून बसले.

मूर्ती वेळेत झाल्या. पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी वाट बघत राहिले. आता भाडं वाढवतील, आता काही मागतील, आता आक्कांना सांगतील, ह्यांच्या कानावर घालतील. कुणाची अशी गोष्ट हातात आल्यावर माणूस ती नुसती ठेवून देतो, हे मला पटत नव्हतं. त्यांनी मूर्तीचं कौतुक केलं तरी मी मनात म्हणायची, का बरं? त्यांचंच बोलणं माझ्या तोंडात आलं होतं. महिने गेले, वर्ष गेलं. त्यांनी काही म्हणजे काही काढलं नाही. खोल्या आम्ही सोडल्या नाहीत. चहा मात्र ते अजूनही ह्यांनी घोट घेतल्यावरच प्यायचे.

एवढाच फरक, की रोज संध्याकाळी ओट्यावरून विचारायचे, "बघितलंस का?" मी म्हणायची, "बघितलं." आणि ते गुडघे धरून उठायचे, येऊन स्वतः बघून जायचे. ते मला बरं वाटायचं. त्यांचा माझ्यावर भरवसा नाही, हे मला समजण्यासारखं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे अगदीच गेले आणि मुलाने पुण्याला न्यायचं ठरवलं. गाडी दारात आली. बाबा ओट्यावर बसून त्या गाडीच्या ड्रायव्हरची तपासणी करत होते. "तुला कोनी पाठवलं? माझ्या पोराचं नाव काय? गाडी एवढी धुतलेली का?" मुलगा कपाळाला हात लावून उभा. आक्कांनी फराळाचा डबा दिला, तर त्यांच्या नातवाला आधी एक लाडू खायला लावला. सगळे हसले. मीही पदराआड हसले.

त्यांना दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. मी खिडकीशी गेले. काहीतरी बोलायचं होतं, दोन वर्षं साठवून ठेवलेलं, आणि तिथं बोलले असतेही. त्यांनी डावा कान खिडकीबाहेर काढला, डोळे मिटले.

मी खिडकीची कड धरून उभी.

त्यांनी थोडी वाट बघितली. मग नेहमीसारखं विचारलं, "बघितलंस का?"

"बघितलं," मी म्हणाले.

आणि त्यांनी मान डोलवली.

गाडी सुटली. सकाळपासून त्यांचं सामान बांधण्याच्या गडबडीत मी पिंजऱ्याकडे फिरकलेसुद्धा नव्हते. मशीन मात्र सकाळपासून चालू होतं, शेडमध्ये हे टेम्पोच्या पेटीला रंग मारत होते. गाडी रस्त्याला वळायच्या आत मी मागे पळाले. कुलूप काढलं, वाकले. काटा सातावर होता, रेघ जागेवर होती. तरी वॉल्व्हची कडी ओढली, सीटी पूर्ण वाजू दिली, आणि ह्यांनी आतून "काय झालं गं?" म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाही. बघतेय."